बाळाच्या बाजूचा बाण

समोरच्या माणसाच्या चेहऱ्याआधी त्याचे मनगट पाहण्याची गोंदणकाकांना सवय होती. कोथरूडला आमच्या सोसायटीत, आमच्या बरोबर खाली ते एकटे राहत. मालिका-चित्रपटांतल्या नटनट्यांसाठी ते कागदावर गोंदणे छापून देत. ओल्या फडक्याने चिकटवायची, तेलाने पुसायची. मी नुकतीच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. घरी संगणक होता, म्हणून त्यांची चित्रे स्कॅन करण्याचे रविवारचे काम माझ्याकडे आले.

कोरी काळी शाई त्यांना खपत नसे. "अहो, ही सासू आहे ना? मग गोंदण कालचं का दिसतंय? सासू काल जन्मली का?" असे म्हणून ते शाईत हिरवा मिसळत, ठिपक्यांच्या कडा जराशा पसरू देत. जुनी गोंदणे पाहायला ते मार्केट यार्डात म्हाताऱ्या भाजीवाल्यांपाशी रेंगाळत. एकीने सुनावलेच, "हात काय बघतोस बाबा, मेथी बघ."

खरे तर ते एकच गोंदण शोधत होते. ते सात वर्षांचे असताना त्यांची आई गेली. तिचा फोटो नव्हता. हातावर तुळस होती आणि शेजारी तीन ठिपके, एवढे आठवत होते. ती तुळस त्यांनी कितीतरी नट्यांच्या हातांवर लावून पाहिली, शेंडा बोटांकडे करून. दर वेळी म्हणत, "सगळं बरोबर आहे. पण ही आई नाही."

एका मालिकेत मेकअप करणाऱ्या मुलीने तुळस उलटी चिकटवली, शेंडा कोपराकडे. नटी मुलाला घास भरवत होती आणि काका त्या मुलाच्या मागे उभे होते; तिथून तुळस सरळ उभी दिसत होती.

"सॉरी काका, पुसते लगेच."

"राहू द्या," एवढेच ते म्हणाले.

घरी येऊन मला म्हणाले, "चूक तिची नव्हे, माझी. इतकी वर्षं मी आईच्या बाजूनं बघत होतो. मी तर घासाच्या बाजूला बसायचो."

पुढे प्रत्येक कागदामागे ते पेन्सिलीने एक बाण काढत आणि लिहीत, 'इकडे बाळ'. खलनायकाच्या मानेवरच्या विंचवामागेसुद्धा.

माझी लेक झाली तेव्हा त्यांनी मला तुळशीचा एक कागद दिला. तो तसाच कपाटात राहिला. मागच्या महिन्यात काका गेले. परवा मी तो काढला, बाण पाहून हातावर चिकटवला आणि लेकीला वरणभात भरवायला बसले. तिने तोंडातला घास तसाच धरून ठिपक्यांवर एकेक बोट ठेवले.

अजून त्या हाताला मी तेल लागू दिलेले नाही.