सतरा नंबर

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नववीच्या वर्गातली एक मुलगी डेंग्यूने गेली. शाळा उघडल्यावर मी तिचं नाव हजेरीतून काढलं आणि पुढच्या सगळ्यांचे नंबर एकेकाने वर सरकवले. काम तिथल्या तिथे उरकायची सवय आहे मला. तिचा सतरा नंबर तिच्याच बाकावरच्या मैत्रिणीला आला. ती काही केल्या सतराला ‘हजर’ म्हणेना.

त्याच आठवड्यात मी संविधान शिकवत होते. भाग, कलमं, अनुसूची फळ्यावर लिहून झाल्यावर दुरुस्त्यांकडे वळले. नवं कलम मध्ये घालायचं तर त्याला एकवीस-क असा नंबर देतात. एकतिसावं कलम रद्द झालं, तरी बत्तिसावं बत्तीसच राहिलं.

“मॅडम, मग एकतीस नंबर कोणालाच नाही दिला?” त्या मैत्रिणीने विचारलं.

“नाही गं. ती जागा रिकामीच आहे.”

“मग मला माझा अठरा परत द्या ना.”

मी मुलांचे जुने नंबर पुन्हा लिहून काढले. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना सोळापर्यंत आले, आणि पुढे एकदम अठरा म्हणायला माझं तोंडच उघडेना.