रोमन दगड आणि गावचा धक्का

जेद्दाच्या जुन्या शहरात, बलदमध्ये, रोमन शिलालेखांचं प्रदर्शन होतं. तिथे लेकाकडे आलेल्या रत्नागिरीच्या एक खाला, म्हणजे मावशी, भेटल्या. गाइडचं इंग्रजी मी त्यांना मराठीत सांगत होते. गादीसाठी झुंजणाऱ्या एका सेनापतीने रस्ता दुरुस्त करून कडेच्या दगडावर आपलं नाव कोरलं. दुसऱ्याने पुन्हा दुरुस्ती केली आणि ते नाव खरडून स्वतःचं घातलं.

खाला तोंडावर ओढणी धरून हसल्या. “आमच्या होड्यांच्या धक्क्यावर अशाच दोन पुढाऱ्यांच्या पाट्या आहेत. भांडू देत गो. त्यांच्या भांडणात धक्का दोनदा दुरुस्त झाला.”

मी ते गाइडला सांगितलं. तोही खळखळून हसला. निघताना तो पुढच्या लोकांना हीच गोष्ट सांगताना दिसला.

“काय सांगतोय?” खालांनी विचारलं.

“तुमच्या गावचा धक्का.”

इंग्रजीचा एकही शब्द कळत नसूनही त्या ओढणी सारखी करून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.