गाय घ्यायची की पोरीला वायरमन करायचं?

मी वायरमनचं सर्टिफिकेट मिळवलं आणि आमच्या घरात सगळ्यांना एकेक झटका बसला. (विजेचा नव्हे. तेवढी काळजी मी घेतली होती.)

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकला लागून मखमलाबादेत आमचा झेंडू-शेवंतीचा मळा. बारावी झाली आणि मी जाहीर केलं, की शहरात एका खाजगी संस्थेत वायरमनचा कोर्स करणार. अंबडच्या कारखान्यांत मुलींनाही घ्यायला लागले होते, आणि पहाटे उठून फुलं तोडण्यापेक्षा मला वायरी तोडणं बरं वाटत होतं.

वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, जेवता जेवता हिशेब मांडला. फी, बसचा पास, पकड-टेस्टर, युनिफॉर्म...

"एवढ्यात एक जर्सी गाय येती," ते म्हणाले. "गाय दुसऱ्या दिवशी दूध देती. तुझं सर्टिफिकेट काय देणार हाय?"

"अन् गाईला अंबडला नोकरी लागंल का?" आई भाकरी उलटत म्हणाली.

गाय घ्यायची राहिली, मी कोर्सला गेले. पण त्या दिवसापासून माझी एका न आणलेल्या गाईशी स्पर्धा सुरू झाली! अभ्यास करताना डुलकी लागली की अण्णा सुस्कारा सोडायचे, "गाय असती तर रवंथ तरी केला असता."

शेवटी पास झाले. सर्टिफिकेट लॅमिनेट केलं, अंबडच्या एका कारखान्यात मुलाखत दिली आणि वाट बघत बसले. तेवढ्यात विहिरीवरची मोटर जळाली. दसरा तोंडावर, झेंडू कळीला आलेला, पाणी नाही मिळालं तर माना टाकणार! मोटर दुरुस्त होऊन आली; पण ती जोडणारा मिस्त्री नेमका देवळ्याला सासुरवाडीला गेलेला.

"मिस्त्री कशाला?" मी म्हणाले. "मी आहे ना!" (काही वाक्यं बोलण्याआधी माणसाने तोंडाचा मेन स्विच पाडावा.)

विहिरीवर ही गर्दी! निफाडची आत्या सणासाठी आली होती. तिने मोटरला एवढं हळदकुंकू फासलं, की मोटर कुठली आणि देव कुठला ते कळेना. अण्णांचे धाकटे भाऊ, आमचे काका, पान्हा घेऊन सज्ज. मी मेन स्विच पाडला, टेस्टर लावून खात्री केली, तिन्ही वायरी घट्ट आवळल्या. पंपात पाणी भरलं आणि ऐटीत स्टार्टर दाबला.

मोटर घुमली. पाइप खोकला. चूळभर पाणी थुंकला आणि गप्प बसला.

"झालं?" आत्याने विचारलं. "एवढंच येतं व्हय कोर्समधी?"

अण्णा नुसतेच रिकाम्या गोठ्याकडे बघत राहिले!

"पाइपात बेडूक अडकलाय," काकांनी निदान केलं आणि पान्हा चालवला. वर्षानुवर्षं गंजून बसलेला पाइपाचा वाकडा तुकडा त्यांनी एका हिसक्यात उपटला. बेडूक नव्हता. पण काका फार खूश झाले.

मी मोटरवर वाकले होते. घाम पुसायच्या नादात ओढणी मोटरवरून फिरली, कुंकू निघालं आणि खालून एक बाण उगवला! मोटर कोणत्या दिशेने फिरली पाहिजे ते दाखवणारा बाण. आमची मोटर त्याच्या बरोब्बर उलटी फिरत होती. कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल केली की ती सुलट फिरते, हे मी परीक्षेत आकृतीसह लिहून मार्क मिळवले होते!

स्विच पाडून मी वायरी बदलल्या. "आता बघा!" म्हणत स्टार्टर दाबला.

काकांनी उपटलेला तुकडा अजून काकांच्याच हातात होता.

उघड्या पाइपातून सुटलेला लोट थेट अण्णांच्या छातीवर! टोपी झेंडूत, अण्णा चिखलात, आत्याचं आरतीचं ताट विहिरीत. मी किंचाळत मोटर बंद केली. धावत अण्णांपाशी गेले.

"अण्णा, लागलं का हो?"

चिखलातून आवाज आला, "लागलं ना! पाणी लागलं! लय जोरात लागलं!" आणि अण्णा बसल्या जागी पोट धरून हसायला लागले. आत्यासुद्धा पदर पिळता पिळता हसली. मी मात्र चक्क रडले. इतकं सुटल्यासारखं वाटलं!

पाइप बसवला आणि दिवस मावळेस्तोवर सगळा झेंडू भिजवून झाला. "फी वसूल," अण्णा आईला म्हणाले, मला ऐकू जाईल अशा बेताने. त्याच आठवड्यात अंबडहून बोलावणंही आलं.

पण त्याआधी, विहिरीवरच्या गोंधळाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, शेजारच्या मळ्यातले तात्या दारात हजर. "ताई, कालचं काम बघितलं. लय भारी! आमच्याबी विहिरीवर जरा काम हाय."

माझी छाती फुगली. मी टेस्टर घेतला, पकड घेतली, पिशवीत सर्टिफिकेटही टाकलं आणि चपला घालू लागले.

"तुम्ही कशाला तरास घेता?" तात्या घाईघाईने म्हणाले. "काकांना धाडा. आमचा पाइप गंजून बसलाय, कोणाच्यानं निघंना!"