सुदाम आबांच्या ट्रॅक्टरमधलं इंजिन

“आधी सगळे मागे सरा,” मी म्हणाले. कुणी सरलं नाही.

लिंबाखाली ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्याभोवती निम्मं गाव. मला उजेड हवा होता आणि हे लोक नेमके उजेडात उभे. शेवटी सरपंचांनी आवाज चढवला, तेव्हा कुठे वाकायला जागा झाली. तेवढ्यात माझा फोन वाजला. मांजरसुंब्याच्या एका धाबेवाल्याचा जनरेटर बंद पडला होता आणि तो सकाळपासून मला श्वास घेऊ देत नव्हता. मी फोन कापला.

माझं बीडमध्ये डिझेल इंजिनांचं वर्कशॉप आहे. जुन्या मशिनरीचं व्हॅल्युएशनही करते. म्हणजे यंत्र कोणतं, कधीचं, आज कशाच्या लायकीचं, हे तपासून लिहून द्यायचं. बँका आणि इन्शुरन्सवाले बोलावतात. अख्ख्या गावाने बोलावण्याची ही पहिलीच वेळ.

ट्रॅक्टर सुदाम आबांचा. वय पंचाहत्तरच्या पुढे. गेवराईपासून हायवे सोडून आत त्यांची मोसंबीची बाग आहे. हा छोटा, बुटका, परदेशी बनावटीचा ट्रॅक्टर त्यांच्या वडिलांनी बागेसाठी घेतलेला. झाडांच्या ओळींतून मोठा ट्रॅक्टर जात नाही, हा जातो. त्याचं मूळ इंजिन पेट्रोलचं. त्याचे पार्ट मिळेनासे झाले, तेव्हा (साल आता त्यांना आठवत नाही) आबांनी एका मिस्त्रीकडून विहिरीवरच्या पंपाचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. असली कामं त्या काळी सर्रास होत.

महिन्यापूर्वी कुणीतरी या ट्रॅक्टरचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. बॉनेट काढलेलं होतं. तो शेजारच्या शेतातल्या दिगंबरने पाहिला आणि सरळ आबांच्या दारात येऊन उभा राहिला.

“हे आमचं इंजिन हाय,” तो म्हणाला. “भूकंपाच्या साली हिवाळ्यात आमच्या विहिरीवरनं चोरीला गेलं, ते हेच.”

भूकंपाचं साल म्हणजे १९९३. इंजिन गेलं, पाणी बंद झालं, उभा गहू वाळला. दिगंबरचे वडील त्या साली पहिल्यांदा कोयता घेऊन ऊसतोडीला गेले आणि सोबत शाळेतल्या दिगंबरलाही घेऊन गेले. ती शाळा परत सुरू झाली नाही. त्याचा राग नाटकी नव्हता.

सरपंचांनी तोडगा काढला. महादेवाच्या देवळात आबांनी बेलभंडारा उचलावा. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन शपथ घ्यायची, की इंजिन चोरीचं नाही. आमच्याकडे अजूनही अर्धे वाद असेच मिटतात. आबांनी नकार दिला.

“इंजिन मी मिस्त्रीकडनं घेतलं,” ते म्हणाले. “मिस्त्रीनं कुठनं आणलं, मला काय म्हाईत? म्हाईत न्हाई त्याची शपथ कशी घिऊ?”

मिस्त्री मरून बरीच वर्षं झालेली. आणि गावाने सोपा अर्थ लावला: म्हातारा शपथेला भ्याला. आबा आले की पारावरची माणसं उठू लागली. मोसंबी तोडणीला आली होती, पण मजूर त्यांच्या बागेत पाय ठेवीनात. चोराच्या रानात कोण जाणार? फळं गळायला लागली, तेव्हा आबांनी मला फोन केला. “खरं काय ते सांगा,” एवढंच म्हणाले. “माझ्या बाजूनं बोलू नगा.”

तर आता काम.

इंजिनाचा नंबर साधारण ब्लॉकच्या पायाशी ठोकलेला असतो. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, मुख्य धड, बाकी सगळं त्याला जोडलेलं. या ब्लॉकचा एक पायच गॅसने कापलेला होता. नंबर त्याच्याबरोबर गेला.

“बघा!” दिगंबर ओरडला. “नंबर कावून काढला मग?”

“चोर आकडे घासतो,” मी म्हणाले. “पाय कापत बसत नाही. हा पाय ठेवला असता तर इंजिन या चासीत बसलंच नसतं.”

“तुमी आबाच्या वळखीच्या दिसताय.”

“मी आज पहिल्यांदा बघतेय त्यांना. तू ते फ्लायव्हील दाखव.”

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या बाजूचं ते जड लोखंडी चाक, ज्याच्या वजनामुळे इंजिन एकसारखं फिरतं. दिगंबरची सगळी भिस्त त्यावर होती. त्याच्या वडिलांनी चाकाच्या कडेवर छिन्नीने त्रिशूळ कोरला होता, म्हणे, आणि व्हिडिओत रंगाखाली त्याची रेघ त्याला दिसली होती. मी रंग खरवडला. त्रिशूळ होता. वाकडा, घाईत कोरलेला, पण होता.

गर्दीतून आवाज उठला. आबांनी मान खाली घातली. काम सुरू होऊन अर्धा तास झाला नव्हता आणि गावाचा निकाल लागलाही होता.

“फ्लायव्हील निघतं,” मी मोठ्याने म्हणाले. “एका इंजिनाचं दुसऱ्याला बसतं. मला ब्लॉक बघू द्या.”

“आता काय बघायचं राहिलं, मॅडम?” सरपंच म्हणाले.

“पोट.”

ऑइल काढलं. बाजूचं झाकण उघडलं. आत हात घालून डिझेलच्या फडक्याने भिंत पुसली. बीड ओतताना फाउंड्री आतल्या अंगाला स्वतःच्या माहितीसाठी खूण ठेवते. बाहेर कापाकापी करणारे मिस्त्री आतल्या खुणेच्या वाटेला जात नाहीत. टॉर्च मारला. फाउंड्रीची खूण दिसली. झाकणाच्या आकारावरून बनावट मी ओळखलीच होती, ती पक्की झाली. दिगंबरच्या वडिलांचं इंजिनही याच बनावटीचं. खुणेशेजारी महिन्याचं एक अक्षर आणि सालाचा एकच आकडा. पाच.

एकच आकडा. फाउंड्रीला दहा वर्षांपुढचा विचार करायचं कारण नसतं. पाच म्हणजे १९७५ किंवा १९८५ असेल तर हा ब्लॉक दिगंबरच्या विहिरीवर असू शकतो. १९९५ असेल तर चोरी झाली तेव्हा तो ओतलाही गेला नव्हता. २००५ असेल तर प्रश्नच मिटला. पण पंच्याऐंशीपर्यंतचा की नंतरचा?

मी इंजिनाभोवती फिरत राहिले. धाबेवाल्याचा फोन पुन्हा आला, पुन्हा कापला. बेअरिंग बदललेली, हेड बदललेलं, बोल्ट तर पाच घरचे पाहुणे. जे बदलता येतं त्यावर विश्वास ठेवता येत नाही. आणि मागे लोक बोलत होते. एकजण म्हणाला, “बाईला घावंना वाटतं.” दुसरा म्हणाला, “चहा सांगू का?” मी म्हणाले, नको.

मग ब्लॉकच्या मागच्या अंगाला, खालच्या बाजूला, एक भोक सापडलं. काही मॉडेलना तिथे जास्तीचं ब्रॅकेट लागतं, याला लागत नाही. भोकात कंपनीचा राखाडी रंग भरलेला, जसाच्या तसा. कारखान्यातून निघाल्यापासून त्यात बोल्ट गेलाच नव्हता. मी सुईने रंग उकरला आणि आत आटे मोजायचं गेज लावलं.

आटे दोन जातींचे असतात, इंची आणि मिलिमीटरचे. इंग्रजी डिझाइनवरून बनलेली जुनी इंजिनं इंची. पुढे कंपन्या मिलिमीटरवर आल्या. गेज बसलं. मिलिमीटर.

पण ही कंपनी नक्की कधी बदलली? मी वर्कशॉपला फोन लावला. शकीलभाई माझ्याकडचे जुने फिटर.

“पत्र्याच्या शेडमध्ये याच बनावटीचा एक ब्लॉक पडलाय. सालाची पितळी पट्टी आहे का त्यावर?”

“है ना. एकोणनव्वद का है.”

“मागचं भोक बघा. आटे कोणते?”

बराच वेळ नुसती खडखड ऐकू आली. मग म्हणाले, “इंची. पक्का इंची, मॅडम.”

“परत लावा गेज.”

“दो बार लगाया. तीसरी बार कायकू?”

मी उठून उभी राहिले. एकोणनव्वदपर्यंत कंपनी इंचीवरच होती. मग मिलिमीटरचा ब्लॉक पंच्याऐंशीचा किंवा त्याआधीचा असूच शकत नाही, लवकरात लवकर पंच्याण्णवचा.

“ब्लॉक चोरीनंतर बनलेला आहे,” मी सांगितलं. “दिगंबरच्या वडिलांचा नाही. फ्लायव्हील मात्र त्यांचं आहे, तेही तितकंच खरं. चोराने इंजिन फोडून भंगारात विकलं असणार. मिस्त्रीने नंतर वेगवेगळे पार्ट जमवून हे एक इंजिन उभं केलं.”

“आन चोर कोन?” दिगंबरने विचारलं.

“ते लोखंडावर लिहिलेलं नाही.”

कुजबुज सुरू झाली. आटे, गेज, मिलिमीटर, कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. एक म्हातारी पुढे आली. “बाई, तुजं खरं असल. पर तू उचलशील का बेलभंडारा?”

मी देवळात जाणारी बाई नाही. माझी सही बँकेत चालते, कोर्टात चालते. इथे चालत नव्हती, आणि आबांच्या बागेत माणसं यायची तर इथे चालायला हवी होती.

“उचलते. पण काय उचलते ते आधी ऐका.”

“आदी हात धुवा,” सरपंच म्हणाले. कोपरापर्यंत काळं ऑइल होतं.

देवळातून आणलेलं पान आणि हळद हातात घेऊन मी म्हणाले, “हा ब्लॉक चोरीनंतर बनलेला आहे. हे फ्लायव्हील दिगंबरच्या वडिलांचं आहे. चोरी कुणी केली हे मला माहीत नाही.” एक शब्द जास्त नाही. मीच तिसऱ्यांदा गेज लावायला सांगायला हवं होतं, असं आत कुठेतरी टोचत होतं.

मग आबा पुढे आले. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं.

“द्या हिकडं,” ते म्हणाले. “तवा म्हाईत नव्हतं, आता म्हाईत झालं. जोडाजोडीचं इंजिन मी मिस्त्रीकडनं इकत घेतलं. चोरीचं म्हणून घेतलं न्हाई.” त्यांनी पान खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळले. “चाक काढून द्या त्याचं.”

“आबा, तोडणी चालू व्हईल तुमची,” सरपंच म्हणाले. “पर चाकाबिगर ट्रॅक्टर उभा ऱ्हाईल.”

“ऱ्हाऊ द्या.”

दिगंबर ‘असू द्या’ म्हणेल, असं सगळ्यांना वाटलं. तो म्हणाला नाही. “बापाची येवढीच वस्तू घावली,” म्हणाला, आणि पान्याला हात लावायला माझ्या शेजारी बसला.

फ्लायव्हील काढायला दुपार गेली. चौघांनी ते बैलगाडीत चढवलं. दुसऱ्या दिवशी आबांच्या बागेत मजूर आले, आणि ट्रॅक्टर नसल्यामुळे सगळी मोसंबी डोक्यावर वाहिली. दिगंबरने माफी मागितल्याचं मी ऐकलं नाही. त्याची बायको मात्र तोडणीला होती, असं आबा फोनवर म्हणाले. त्यांना तेवढ्याच वजनाचं दुसरं फ्लायव्हील शोधून द्यायला मला दिवाळी उजाडली.

तेव्हापासून माझ्या रिपोर्टमध्ये ‘इंजिन’ ही एक ओळ नसते. ब्लॉक, हेड, पंप, फ्लायव्हील, प्रत्येकाची वेगळी ओळ आणि वेगळं साल. बँकवाले कुरकुरतात, रिपोर्ट लांबतो म्हणून. लांबू दे. इंजिन कुणाचं असं कुणी विचारलं, की मी आधी विचारते, त्यातलं काय?