खोपटच्या बाईंचं नाव

चेंदणी कोळीवाड्यातल्या गोमाजी नाखवांचा भावेश गातो, हे ठाण्यात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. दिवसभर तो घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून विम्याचे दावे तपासतो आणि संध्याकाळी संगीत नाटकाच्या तालमीला जातो. आवाज वरच्या पट्टीचा. पेटीवर पांढरी चारसारखी उंच पट्टी लावली तरी त्याला ओढाताण करावी लागत नाही. संगीत नाटकातल्या तरुण नायकाला असाच आवाज लागतो, आणि असे आवाज आता फारसे सापडत नाहीत. स्वभावाने मात्र तो मुखदुर्बळ. स्टेजवर राजा होऊन गाईल, पण खाली उतरल्यावर कुणी "छान झालं हो" म्हटलं तर पायातल्या चपलेकडे बघत राहील.

गोमाजी कोळीवाड्याच्या भजनी मंडळात गायचे. मोठी माणसं जिथे धापा टाकून सूर सोडून देत, तिथे मांडीवर बसलेलं आपलं पोर सहज जातं, हे त्यांच्या लक्षात आलं. पोर दहा वर्षांचं झाल्यावर त्यांनी त्याला खोपटला रमाबाई लोटलीकरांकडे नेलं. एसटी डेपोच्या मागच्या चाळीत, एका खोलीत, बाई मुलांना पेटी आणि गाणं शिकवत. डेपोतल्या भोंग्यावरून भिवंडीची, वाड्याची गाडी पुकारली की मुलांचा सूर हमखास हले. मग बाई म्हणत, "एसटीच्या मागे धावू नका रे, ती गाडी आपली नाही."

फीचं विचारलं तेव्हा बाई गोमाजींना म्हणाल्या, "फी राहू द्या. मासळी ताजी असली तर पाठवा. गुरुवार सोडून."

तेव्हापासून भावेशची आई मनुबाई बाजारात टोपली लावताना बाईंचा वाटा आधी बाजूला काढू लागली. लहानपणी भावेश ती पिशवी मिरवत नेई. कॉलेजात गेल्यावर मात्र ती त्याला जड होऊ लागली. बसमध्ये शेजारची मुलगी उठून पुढे गेली की त्याला वाटे, पिशवीमुळेच गेली. मग तो चालत जायला लागला. आईला म्हणाला, चालल्याने दमसास वाढतो.

अशा या भावेशला गेल्या वर्षी नायकाची मोठी भूमिका मिळाली. स्पर्धेसाठी नाटक बसवणारा सुमित त्याच्याच वयाचा, बोलायला चटपटीत. एकदा तालीम संपल्यावर तो म्हणाला, "अरे, प्रोग्रॅममध्ये तुझ्या नावाखाली 'मार्गदर्शन' म्हणून कुणाचं तरी नाव टाकायचंय. कुणाचं टाकू?"

"रमाबाई लोटलीकर."

"कोण रे त्या?"

"खोपटला पेटी शिकवतात. आधी नाटकांना ऑर्गनवर बसायच्या. महिपतराव आठल्यांच्या साथीला होत्या म्हणतात."

"म्हणतात ना? जुनी माणसं सगळ्यांच्याच साथीला असतात," सुमित हसला. "परीक्षक नाव वाचून एकमेकांची तोंडं बघतील. आठल्येच पकड ना डायरेक्ट. डोंबिवलीला असतात. मी ओळख काढतो."

महिपतराव आठल्ये म्हणजे भावेशचं दैवत. त्यांची जुनी रेकॉर्डिंगं मोबाईलवर ऐकत त्याने घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये किती संध्याकाळी काढल्या असतील! लांबलचक सूर एका दमात पेलून ते अलगद खाली उतरतात, अशी त्यांची ख्याती. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या तर आपल्या गाण्याचं सोनं होईल, असं त्याला मनापासून वाटत होतं. वेळ ठरली, तेव्हा तो आधी बाईंकडेच गेला.

बाईंना केवढा आनंद झाला. म्हणाल्या, "माझं नाव सांग. ओळखतील. आणि नमस्कार सांग माझा, विसरू नकोस."

"सांगतो की, बाई."

रविवारी सुमितची स्कूटर घेऊन तो शिळफाट्यावरून डोंबिवलीला गेला. वाटेत त्याच्या डोक्यात एकच विचार. नाव सांगितलं आणि ते "कोण रमाबाई?" म्हणाले तर? बाईंचं हसं होईल आणि आपलंही. मग कोळीवाडा, भजनी मंडळ, चाळीतला क्लास, सगळं सांगत बसावं लागेल. डोंबिवलीचा फलक येईपर्यंत त्याने स्वतःची पुरती समजूत घातली होती, की नाव न सांगण्यात बाईंचाच मान राहतो.

महिपतरावांचं घर साधं होतं. पंचाहत्तरी उलटलेले, पांढरा झब्बा, पाठ अजून ताठ. त्यांच्या पत्नी माधवीताईंनी पाणी आणून दिलं. भावेशने पाया पडून खुर्चीच्या कडेवर बसत आपलं नाव, गाव, नाटक सांगितलं.

"वा. आणि गाणं कोणाकडे?" महिपतरावांनी विचारलं.

गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचा, हे बाईंनी त्याच्या अंगात मुरवलं होतं. प्रश्न ऐकताच त्याचा हात आपोआप वर गेला. कानाशी पोचायच्या आत त्याने तो मानेवर नेला आणि मान खाजवल्यासारखं केलं.

"तसं कोणाकडेच नाही, सर. तुमचं ऐकून ऐकूनच. मी मनातून तुम्हालाच गुरू मानलंय."

महिपतरावांनी त्या हाताकडे पाहिलं होतं की नाही, कोण जाणे. "गा," म्हणाले. "माझंच एखादं म्हण."

भावेशने त्यांचं गाजलेलं पद घेतलं. त्यात शेवटी एक अवघड जागा आहे. वरच्या षड्जावर जाऊन थांबायचं आणि मग तान घेत पायरी पायरीने खाली यायचं. भावेश थांबला, उतरला, समेवर आला. स्वतःलाच बरं वाटलं त्याला.

महिपतराव डोळे मिटून बसले होते. तसेच म्हणाले, "ती शेवटची जागा पुन्हा घे." त्याने घेतली.

"उतरायच्या आधी श्वास घेतोस तू."

"चुकलं का, सर?"

"नाही. मीही तिथेच घ्यायचो." त्यांनी डोळे उघडले. "पण तो रेकॉर्डिंगवर ऐकू येत नाही. कितीही वेळा ऐक. मी श्वास घेईपर्यंत ऑर्गन तो सूर धरून ठेवायचा, माझ्या आवाजावर घडी घातल्यासारखा. लोकांना वाटायचं, आठल्ये एका दमात उतरतो. माझी नक्कल करणारे पुष्कळ आले इथे. सगळे एका दमात जायला बघतात आणि मध्ये गुदमरतात. ही खोच दोघांनाच माहीत होती. एक मी, आणि दुसरं ऑर्गनवर बसणारं माणूस. आता सांग, गाणं कोणाकडे?"

समोरच्या टीपॉयवरच्या काचेत भावेशला स्वतःचं तोंड दिसत होतं. तेही बघवेना.

"खोपटला एक बाई आहेत," तो म्हणाला.

"नाव नाही त्यांना?"

"रमाबाई लोटलीकर."

आता कानाला हात लावावा की लावू नये, हेही त्याला कळेना. हात मांडीवरच राहिला.

चहाचे कप घेऊन आलेल्या माधवीताई दारातच थबकल्या. "रमा? अहो, तुमच्या पंचाहत्तरीच्या सत्काराला आली होती की ती. मागे बसली होती. मी म्हटलं पुढे ये, तर नको म्हणाली. हे वरून माइकवर मेकअपवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं घेत होते, आणि ती आपली—"

"पुरे," महिपतराव म्हणाले.

माधवीताई कप ठेवून आत गेल्या. चहावर साय धरली. भावेशला उठून पळून जावंसं वाटत होतं. महिपतराव मात्र त्याला रागवण्याच्या बेतात दिसत नव्हते. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

शेवटी म्हणाले, "तुझा आवाज चांगला आहे. मी शिकवीन. पण दुसऱ्याच्या हाताखालचं मूल न विचारता घ्यायची आमच्यात रीत नाही. तिची परवानगी आण."

"आत्ता फोन लावू का, सर?"

"फोन नको. समोर जा. आणि माझ्यासमोर आधी काय म्हणालास, तेही सांग. ते लपवून आणलेली परवानगी मला चालणार नाही."

"तुमचा काही निरोप?"

महिपतरावांनी मान हलवली. "माझं मी बघीन. बघायला हवं होतं."

घरी आल्यावर मनुबाईने विचारलं, "काय बोलले रं तुझे गायक?"

"बघू म्हणाले," एवढंच भावेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने नेहमीसारखी पिशवी हातात दिली. "पापलेट हाय. बाईंना म्हणावं, आजच्या आज करा."

खोपटला बाईंच्या खोलीत लहान मुलं पेट्या बडवत होती. भावेश दाराशी बसून राहिला. क्लास सुटून मुलं पांगली, तेव्हा बाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय रे, नाही म्हणाले?"

"नाही, शिकवीन म्हणाले. तुमची परवानगी घेऊन ये म्हणाले."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी पदर सारखा केला, जणू महिपतराव दारातच उभे होते. "बघ, ओळखलं ना? मी म्हटलं नव्हतं? आणि परवानगी कसली मागायची त्यात. काय म्हणाले नाव ऐकून?"

इथे थांबलं असतं तरी भागलं असतं. परवानगी तर मिळाल्यातच जमा होती. बाई इतक्या खुशीत होत्या, की पुढचं सांगणं म्हणजे त्यांच्या हातातलं काही हिसकावून घेण्यासारखं होतं. भावेशच्या ओठांवर आलंही होतं, "खूप चांगलं बोलले." पण त्याच्या तोंडून निघालं ते दुसरंच.

"बाई, मी तुमचं नाव सांगितलंच नाही. गुरू कोण विचारलं, तर कोणी नाही म्हणालो. मग गाण्यावरून त्यांनीच ओळखलं."

बाईंनी पेटीचा भाता दाबून बंद केला. त्याचा खटका लागेना, तर दोनदा दाबला.

"नमस्कार तरी सांगितलास?"

"नाही."

"बरं."

डेपोत कुठलीतरी गाडी मागे घेत होते. कंडक्टरची शिट्टी थांबल्यावर बाईंनी विचारलं,

"लाज वाटली का रे माझी?"

खोटं बोलायचं त्राण आता त्याच्यात नव्हतं. "हो."

"माझी, की या खोलीची?"

"दोन्हींची. आणि माशांच्या पिशवीची."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पिशवी तुझ्या आईची आहे. तिच्यासमोर हे बोलू नकोस."

"बाई, माझं चुकलं. मी—"

"राहू दे. जा त्यांच्याकडे. चांगलं शिकवतात. माझी परवानगी आहे, सांग." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आणि ते पापलेट आत फ्रीजमध्ये ठेव आधी. वास सुटेल."

त्याने पापलेट आत ठेवलं. बाहेर आला तेव्हा बाई मुलांच्या सतरंज्या गोळा करत होत्या. त्याने हात पुढे केला, तर म्हणाल्या, "असू दे, मी करते."

भावेश दर रविवारी डोंबिवलीला जाऊ लागला. महिपतराव मन लावून शिकवत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "सगळं सांगितलंस?" तो "हो" म्हणाला. "मग काय म्हणाली?" "जा म्हणाल्या." आणखी काही त्यांनी विचारलं नाही. पुढे त्यांनी बाईंना फोन केला की नाही, हे त्याला कळलं नाही. दोघांपैकी कुणी त्याबद्दल बोललं नाही, आणि विचारायला भावेशला तोंड नव्हतं.

प्रोग्रॅम छापायला जायच्या आधी तो बाईंना म्हणाला, "मार्गदर्शन म्हणून तुमचं नाव पहिलं टाकतोय. मग सरांचं."

"माझं नको," बाई म्हणाल्या. रागाने नाही. मीठ थोडं कमी घाल म्हणावं, इतक्या सहज. "विचारलं होतं तेव्हा सांगायचं असतं ते. आता छापून काय करायचं?"

त्याने पुन्हा पुन्हा विनवलं, तरी त्या बधल्या नाहीत. मग त्याने सुमितला सांगितलं, माझ्या नावाखाली कुणाचंच नाव टाकू नकोस. सुमित भडकला. "येडा झालास काय? आठल्यांकडे शिकतोस आणि नाव नाही टाकायचं? एवढं सगळं केलं कशासाठी आपण?" प्रोग्रॅम तसाच छापला गेला. नाटक झालं, त्याच्या गाण्याला बक्षीसही मिळालं. बाई प्रयोगाला आल्या नव्हत्या. गुडघे दुखत होते म्हणाल्या, आणि ते खरंही असेल.

भावेशचं खोपटला जाणं सुटलेलं नाही. आता तो पिशवी घेऊन बसनेच जातो. दाराशी बसतो. बाई लहान मुलांना शिकवतात, ते ऐकतो. एखाद्या मुलाचं बोट पेटीवर चुकत असेल तर नीट लावून देतो. बाई त्याला येऊ नको म्हणत नाहीत, चहा देतात, आईची चौकशी करतात. गा मात्र म्हणत नाहीत.

परवा एक आई आपल्या मुलीचं नाव घालायला आली होती. दाराशी बसलेल्या या उंच्यापुऱ्या मुलाकडे बघून तिने विचारलं, "हे तुमचे विद्यार्थी का?"

भावेशने मान वर केली.

"हा होय?" बाई म्हणाल्या. "हा कोळीवाड्यातला. येतो, बसतो." आणि त्या मुलीला पांढऱ्या पट्ट्या मोजून दाखवू लागल्या.

भावेशचे कान तापले. पण बाई खोटं बोलल्या, असं काही त्याला म्हणता येईना. शेजारचा मुलगा भाता उलटा ओढत होता. भावेशने त्याचा हात धरून सरळ केला आणि मान खाली घालून ऐकत राहिला.