आप्पांनी न लिहिलेलं नाव

फ्लेक्सवाल्यांचा मला राग आहे आणि तो शांत व्हावा अशी माझी अजिबात इच्छा नाही.

माझे वडील, आप्पा, श्रीरामपुरात पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या पाठी, भिंतींवरच्या जाहिराती, सगळीकडे त्यांचं अक्षर. भिंतीच्या मालकाला स्वतः विचारल्याशिवाय ते ब्रश टेकवत नसत. एका निवडणुकीत एका पुढाऱ्याने त्यांना एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरावर आपलं नाव रंगवायला धाडलं. आप्पांनी बाईला विचारलं, ती नको म्हणाली, आप्पा शिडी उचलून घरी आले. त्यावर पुढाऱ्याने चारचौघांत शिव्या घातल्या. तुझं नाव आयुष्यात लिहिणार नाही, असं आप्पांनीही चारचौघांतच ऐकवलं. त्यापायी बरीच कामं हातची गेली, पण या एका गोष्टीचा त्यांना फार अभिमान.

पुढे फ्लेक्स आले, धंदा बसला, मग आप्पांचा हातही थरथरायला लागला. तो पुरता जायच्या आत मी त्यांच्याकडून सगळी अक्षरं, काना-मात्रा, जोडाक्षरं ड्रॉइंग पेपरवर लिहून घेतली. स्कॅन केली, कॉम्प्युटरवर एकेक कड साफ केली आणि फॉन्ट तयार केला. रफार काही केल्या जागेवर बसेना, तेव्हा रडायचीच बाकी होते. हा फॉन्ट फक्त माझ्या वेबसाइटसाठी होता. तिथे मी जुन्या पाट्यांचे फोटो टाकते, चार ओळी लिहिते. ‘वापरायचा असेल तर आधी विचारा’ असं खाली स्पष्ट लिहिलं होतं. आप्पांना मोबाईलवर दाखवलं तर “ब्येस हाय,” म्हणाले. त्यांना वाटलं, मी त्यांच्या कागदांचेच फोटो लावलेत.

या दिवाळीत स्टँडसमोर त्याच पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. नाव आप्पांच्या अक्षरात, हातभर उंच. वेबसाइट उघडली की फॉन्टची फाईल बघणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपसूक उतरते. ती काढून घ्यायला थोडी माहिती आणि निगरगट्टपणा पुरतो.

मी फ्लेक्सच्या दुकानात गेले. “कोणाला विचारून घेतला?”

दुकानदाराने मान वर केली नाही. “इचारायचं काय त्यात, ताई? नेटवर उघडंच हुतं. उलट तुमच्या आप्पांचंच नाव झालं.”

मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. घरी येऊन फॉन्ट वेबसाइटवरून काढला, पण त्याच्या कॉम्प्युटरमधून कसा काढणार?

दुसऱ्या दिवशी आप्पा भाजी आणायला गेले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले.

“मी त्याचं नाव कवा लिवलं गं?” त्यांचा चेहरा पार उतरला होता. “मला कायबी आठवंना.”

मी सांगितलं, तुम्ही काही विसरला नाहीत. अक्षरं तुमची, नाव त्या दुकानदाराने जुळवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तसेच चपला घालून निघाले. मी मागोमाग गेले.

फ्लेक्सखाली उभं राहून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, “ह्ये मी लिवल्यालं न्हाई.” लोक वर बघत, मग त्यांच्याकडे बघत आणि हसत पुढे जात. एका ओळखीच्या टेम्पोवाल्याने तर त्यांच्या पाठीवर थाप मारली.

“काय पेंटर, येड्यात काढता व्हय? तुमचा हात आमी वळखत न्हाई का?”