दीपमालाचं बिनगिलाव्याचं घर

विट्याजवळच्या त्या गावात बंगले म्हणजे काय, विचारू नका! निम्मे पुरुष परमुलखात सोनं गाळायची दुकानं चालवतात आणि इथं रिकामे मजले उभे करतात. काचांचे, चकचकीत फरशीचे, उन्हाळ्यात भट्टीसारखे तापणारे. त्यातल्या बऱ्याचशा बंगल्यांचे नकाशे खुद्द दीपमालानंच काढलेले. सिव्हिलचा डिप्लोमा झालेली बाई. लोक मागतील तसं काढून द्यायची आणि मनातल्या मनात चरफडायची. स्वतःच्या घराची वेळ आली तेव्हा मात्र तिनं कुणाच्या बापाचं ऐकलं नाही.

नवरा उदयसिंह फौजेत. फोनवर म्हणाला, "तुला पटंल तसं बांध. मला फकस्त गार झोपाय मिळू दे." तिला तेवढं बास होतं. माळाचा उतार न फोडता तिनं घर टप्प्याटप्प्यानं चढवलं. पाया खणताना निघालेला काळा दगड जोत्याला लावला. गावातली पडकी घरं पाडून लोक पांढरी माती ओढ्यात टाकत होते, ती आणून हातभर जाडीच्या भिंती घातल्या. वर कौलं, खिडक्या वाऱ्याच्या तोंडाला, पावसाचं पाणी अंगणाखालच्या टाकीत. जागेवरचं बोरीचं झाड तोडायचं नाही म्हणून एक खोली चक्क वाकडी झाली. भिंतींना नुसतं शेणामातीचं लिंपण. गाव हसलं, हसू दे!

वास्तुशांत ठरली. उदयसिंहला सुट्टी मिळेना, म्हणून थोरले दीर वीरधवल आणि जाऊबाई पाटावर बसणार होते. वीरधवल, म्हणजे घरातले आण्णा, परमुलखात सेलमला असंच सोनं गाळायचं दुकान चालवतात. वडिलांच्या मागं उदयसिंहला त्यांनीच वाढवलेलं, त्यामुळं घरात त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

दीपमाला माहेरी शिराळ्याला आमंत्रण द्यायला गेली, रात्रभर राहिली. सकाळी परत येऊन बघते तर काय, दर्शनी भिंतीवर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा! आणि पुढं आण्णा उभे, लग्नघरातल्या वरबापासारखे खूश.

"कसं काय?" ते म्हणाले. "उद्या माझी सेलमची समदी दुकानदार मंडळी येणार. त्यास्नी अर्धवट घर दावायचं व्हय? माझ्याकडनं भेट समज."

अगं बाई गं! काय बोलावं या माणसाला? मायेनं केलेलं, त्यात खोट काढायला जागा नाही. तिचे डोळे भरून आले, पण ते पाणी रागाचं होतं. तिनं गिलाव्याची कड नखानं उचकटली.

"आण्णा, तुमी मायेनं केलंय, पण हे काढाय लागणार. मातीच्या भिंतीला श्वास लागतो. सिमेंटनं ओल आत कोंडलीया, आतली माती फुगाय लागलीया. पावसाळ्यात भिंत बसंल."

"काढलंस तर मी पाटावर बसणार न्हाई. सांगून ठिवतो."

झालं! सासू बनुबाई हळूच म्हणाली, "पोरी, ऱ्हाऊ दे की. मागनं काढ." पण मागनं म्हणजे भिंत गेलीच. आणि आत्ता काढावं तर थोरल्याचा मान जातो. शेवटी दीपमालानं पदर खोचला आणि छन्नी-हातोडी घेतली.

पहिलाच पोपडा पडला आणि मागची भिजलेली माती बरोबर घेऊन आला. ती रडत होती आणि ठोकत होती. आण्णा तणतणत त्याच घराच्या मधल्या खोलीत जाऊन पडले.

चहाच्या वेळेला बनुबाई लेकाला उठवायला गेली, तर आत घोरणं चाललेलं. बाहेर ऊन नुसतं आग ओकत होतं. खोलीत ना पंखा ना एसी, आणि हा गडी एसीशिवाय डोळा न मिटणारा!

"आरं, रुसलायस नव्हं तू?" ती पदरात तोंड घालून हसायला लागली. "रुसलेला माणूस असा झोपतोय व्हय रं?"

आण्णा डोळे चोळत बाहेर आले. उघड्या पडलेल्या भिंतीवर त्यांनी तळवा ठेवला. हाताला चिखल लागला. तो त्यांनी बोटांत चोळून बघितला. मग म्हणाले, "सर तिकडं," आणि दुसरी हातोडी उचलली. दिवे लागेपर्यंत दोघंही ठोकत होती. उद्याचं काय, हे विचारायचं धाडस दीपमालाला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मांडव गच्च भरला. आण्णा फेटा बांधून आले आणि जाऊबाईंसोबत मुकाट्यानं पाटावर बसले. दीपमालाचा जीव भांड्यात पडला.

"यजमानांचं नाव?" गुरुजींनी विचारलं.

"दीपमाला उदयसिंह."

गुरुजी गोंधळले. "अहो, पाटावर तुम्ही बसलाय."

"मी नुसता बसलोय, गुरुजी. नकाशा तिचा, भिंती तिच्या, घर तिचं. त्या वास्तूला माझं नाव कशाला सांगता?"

गुरुजींनी घसा खाकरला आणि हळूच तिचं नाव उच्चारलं. आण्णांनी मान वळवून मांडवाकडं एकदा पाहिलं.

"जरा मोठ्यानं घ्या, गुरुजी," ते म्हणाले. "आमची सेलमची मंडळी मागं बसल्यात."